‘कळकणे’ हे क्रियापद कॅनमधल्या शीतपेयाला लागू पडते का?

एकाच कंपनीचा कोला काचेच्या बाटलीत, कॅनमध्ये आणि प्लास्टिकच्या बाटलीत वेगवेगळा लागतो का, या प्रश्नावर पुष्कळ वाद होतो आणि तो बहुधा ‘लागतो’ आणि ‘मनाचे खेळ आहेत’ या दोन टोकांवर थांबतो. माझ्या मते वाद अडतो तो ‘चव बदलते’ या ढोबळ शब्दप्रयोगापाशी, कारण भांड्यामुळे पदार्थाचे जे काही होऊ शकते ते सगळे आपण त्या एकाच प्रयोगात कोंबतो. मराठीत यासाठी एक फार नेमके क्रियापद आहे, ‘कळकणे’, म्हणजे आंबट पदार्थ धातूच्या भांड्यात राहून बिघडणे, आणि ते कॅनमधल्या पेयाला लावता येईल का, हे येथे तपासून पाहायचे आहे.

तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, दही, चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे सार ठेवले की ते कळकते. मी लहान असताना आजीने एकदा कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहू दिले होते. संध्याकाळी पाहिले तेव्हा पातेल्याच्या आतल्या बाजूला ताकाच्या कडेने हिरवट रेघ उमटली होती, आणि बोट बुडवून चाटले तर आंबटपणाच्या मागून एक तुरट, कडसर, मळमळ आणणारी चव जिभेवर बराच वेळ रेंगाळली. आजीने ‘कळकलं’ एवढेच म्हटले आणि सगळे ताक ओतून दिले. पितळ चिंचेने घासतो तेव्हा त्याच्यावरचा काळपट थर सुटून चिंचेत उतरतो आणि भांडे लखलखते; ताकातही तेच घडत असते, फक्त तेथे सुटलेला धातू आपल्या पोटात जाणार असतो. या शब्दाचे नाते संस्कृत ‘कलंक’ या शब्दाशी जोडले जाते, आणि ‘कळंकणे’ असा उच्चारही ऐकू येतो.

या क्रियापदाचे वैशिष्ट्य असे की त्यात भांडे गृहीत धरलेले आहे. दूध कोणत्याही भांड्यात नासते, पीठ कोणत्याही भांड्यात आंबते, आमटी उन्हाळ्यात कोठेही ठेवली तरी उतरते. परंतु स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवलेले ताक कितीही आंबले तरी ते कळकले असे म्हणता येत नाही. म्हणजे कळकण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पदार्थातली आम्लता आणि तिला उघडा सापडलेला धातू.

आता कोलाकडे वळू. आम्लतेच्या बाबतीत कोला ताकाला मागे टाकतो: ताकाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ च्या आसपास असतो, तर कोलाचा २.५ च्या आसपास, आणि सामूच्या मोजपट्टीत एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक असतो. साखरेमुळे हा आंबटपणा जिभेला जाणवत नाही, एवढेच. म्हणून पहिली अट पूर्ण होते, आणि असे पेय उघड्या ॲल्युमिनियममध्ये महिनोन्महिने ठेवले तर ते खरोखरच बिघडेल. पण दुसरी अट पूर्ण होत नाही, कारण कॅनच्या आतून काही मायक्रोमीटर जाडीच्या राळेचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कृत्रिम रेझिनचा, अखंड थर दिलेला असतो आणि पेयाचा धातूशी संबंधच येऊ दिला जात नाही.

हा थर म्हणजे एका अर्थाने कल्हईच होय, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. कल्हईवाला भात्याने निखारे फुलवतो, भांडे तापवून त्यात कथील आणि नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेले कथील आतून चहूकडे फिरवतो. काळसर पितळ पाहता पाहता चांदीसारखे होते. ‘कल्हई’ हा शब्द कथलासाठी असलेल्या अरबी शब्दावरून आलेला आहे, त्यामुळे काटेकोरपणे पाहता राळेच्या थराला कल्हई म्हणणे चूक ठरेल. परंतु शब्द द्रव्यावरून कामाकडे सरकतात, आणि काम येथे तेच आहे. म्हणून शाबूत कॅनमधल्या पेयाबद्दल ‘कळकले’ म्हणणे मला मान्य नाही.

मग कॅनमधून पिताना अनेकांना जो धातूचा भास होतो त्याला काय म्हणायचे? तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. ओठ थेट थंडगार धातूला टेकलेले असतात, नाकासमोर झाकण येते आणि भोक लहान असल्यामुळे पेयाचा स्वतःचा दरवळ पेल्यातून येतो तसा येत नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. हे होते ते पिणाऱ्याच्या बाबतीत, पेयाच्या बाबतीत नव्हे; तेच पेय पेल्यात ओतले की भास बराच ओसरतो. येथे आपला नेहमीचा ‘वास लागणे’ हा प्रयोग चपखल बसतो, जसा फडक्याने पुसलेल्या पेल्यातल्या पाण्याला फडक्याचा वास लागतो.

प्लास्टिकच्या बाटलीलाही हाच प्रयोग लागू पडतो, आणि तेथे वास खरोखर पेयात उतरलेला असू शकतो. पेट नावाचे हे प्लास्टिक वितळवून बाटली घडवताना त्यात ॲसिटाल्डिहाइड अल्प प्रमाणात तयार होते आणि पुढे ते हळूहळू आतल्या द्रवात मिसळते. त्याचा वास पिकलेल्या फळासारखा असतो. साध्या पाण्यात तो चटकन ओळखू येतो, कोलाच्या उग्र स्वादात दबून जातो. प्लास्टिकचा खरा दोष मात्र दुसराच आहे: त्याच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड सावकाश झिरपून बाहेर पडतो. त्यामुळे दुकानात बरेच दिवस पडून राहिलेली बाटली उघडली की पेय मिळमिळीत लागते. याला मराठीत सगळेच ‘गॅस गेला’ म्हणतात, आणि तेच योग्य आहे. काचेतून वायू झिरपत नाही आणि काच आम्लाला दाद देत नाही, म्हणून काचेची बाटली या सर्वांत तटस्थ. इंग्रज अभियंता हायरम कॉड यांच्या १८७२ सालच्या बाटलीत तर आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वरच्या रबरी कड्याला घट्ट चिकटून राहते. आपल्याकडचा गोटी सोडा तो हाच.

‘शीतपेय’ या शब्दाबद्दलही एक नोंद करतो. मूळ इंग्रजी शब्दात थंडपणाचा उल्लेख नाही, त्याचा रोख मद्य नसण्याकडे आहे. मराठीने ‘शीत’ आपणहून जोडले. पण चवीच्या दृष्टीने ती भर अतिशय योग्य आहे, कारण थंड द्रवात वायू अधिक टिकतो आणि गारव्यामुळे गोडी दबते. तिन्ही भांड्यांतले पेय ताडून पाहायचे असेल तर आधी ते सारखेच गार केलेले हवे आणि सारख्याच पेल्यांत ओतलेले हवे, अन्यथा आपण भांड्याची नव्हे तर फ्रिजमधल्या कप्प्याची तुलना करत बसू.

‘कळकणे’ मी येथे तांबे, पितळ आणि काशापुरते मर्यादित धरले आहे. उघड्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात टोमॅटोचे सार किंवा कढी ठेवल्यावर जी चव येते, तिलाही काही घरांत ‘कळकले’ म्हणतात. दोन्ही अटी तेथे पूर्ण होतात, तेव्हा हा अर्थविस्तार मला ग्राह्य वाटतो. आपल्याकडे त्यासाठी निराळा शब्द असेल तर तो गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावासह येथे अवश्य नोंदवावा.