मदत हवी आहे: कुंपणाला आपल्याकडचं फुलझाड कुठलं लावू?

विटेकर_७: विट्याजवळ घर बांधलंय. रस्त्यावरून थेट स्वयंपाकघरात दिसतं. भिंत नकोय. दाट, फुलं येणारं, पाखरं येतील असं आपल्या मातीतलं झुडूप सांगा. पाऊस तोंडावर आलाय, लवकर.

बांधावरचा: जमीन काळी की मुरमाड? उन्हाळ्यात पाणी? शेरडं फिरतात का?

मंगलताई: दुरांटा लावा. आमच्या मिरजेच्या घराला कसला झकास झालाय!

शिंजीर: ताई, दुरांटा अमेरिकेतला. त्यांना आपल्याकडचं हवंय.

मंगलताई: मिरचीही तिकडचीच, म्हणून खर्डा सोडला का कुणी?

विटेकर_७: माळावर मुरूमच असणार की. पाणी टँकरचं. शेरडं शेजाऱ्यांची, दिवसभर.

बांधावरचा: मग निर्गुडी. शेळी तोंड लावत नाही. बोटाएवढ्या जाड, वीत-दीड वीत काड्या पावसात खोचा, दोन डोळे मातीत जातील अशा. अंतर दीड फूट. शेंडे खुडत राहा, नाहीतर बुडखा उघडा पडतो आणि स्वयंपाकघर परत दिसतं. निळसर तुऱ्यांवर मधमाश्या असतातच.

शिंजीर: उन्हाळ्यात निर्गुडी विरळ होते, आडोसा कसला? आतल्या बाजूला अडुळसा लावा, तोही शेरडं खात नाहीत. मधेमधे धायटी. उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी फांदी झाकून जाते, शिंजीर पाखरं उलटी लटकून मध पितात.

बांधावरचा: धायटी घाटाकडची. माळावर तिला टँकर कोण पाजणार? त्यापेक्षा करवंद.

शिंजीर: करवंद डोक्याएवढं होईस्तोवर यांचे नातू शाळेत जातील.

द्राक्षबाग_तासगाव: हद्दीची मोजणी झालीय का? आधी भूमी अभिलेखला अर्ज टाका. झाडं वाढल्यावर शेजारी कोर्टात जातो.

विटेकर_७: झालीय हो मोजणी! झुडपाचं विचारलंय मी.

नवखा: घाणेरी लावा, फुकट. फुलपाखरं झुंबडतात.

शिंजीर: अजिबात नको. तीही अमेरिकेचीच, जनावरांना विषारी. पाखरं बी पसरवतात, सगळा माळ खाईल.

मंगलताई: निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधा, छान शेक बसतो.

विटेकर_७: गुडघे ठीक आहेत. निर्गुडी आणि अडुळसा ठरलं. नर्सरीत निर्गुडी मागितली तर क्रोटन दाखवला.

बांधावरचा: विकत कशाला? ओढ्याकडेला बघा, पाच पानांची, पाठ पांढुरकी, चुरगळली की उग्र वास. आणि दारासमोर विजेच्या तारा आहेत का, ते सांगितलंच नाही तुम्ही.