सॉल्सबरी: नदीकाठाने हार्नम आणि ओल्ड सेरम एका दिवसात?

प्रश्न: इंग्लंडमधल्या सॉल्सबरी शहरात फेब्रुवारीत एकच दिवस आहे. कॅथेड्रल (तिथलं मोठं चर्च) पाहून हार्नमची नदीकाठची कुरणं आणि ओल्ड सेरम ही जुन्या तटबंदीची टेकडी, दोन्ही ठिकाणी पायी जाता येईल का? चिखल कितपत असतो?

भटका: येईल. आधी हार्नम उरका. क्वीन एलिझाबेथ गार्डन्समधून टाउन पाथ धरा. वाट पक्की आहे, वीसेक मिनिटांत जुन्या गिरणीपाशी पोचता. मध्येच थांबून मागे वळून बघाच, कुरणापलीकडे कॅथेड्रलचा १२३ मीटरचा मनोरा उभा असतो. ओल्ड सेरमला एव्हन नदीच्या काठाने उत्तरेला, स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसलमार्गे जा आणि शेवटी चढ चढा. खरा चिखल इथे. खडूची माती ओली झाली की बुटाच्या तळव्याला गिलाव्यासारखी चिकटते आणि उतारावर पाय सटकतो. खोल खाचांचे, घोटा झाकणारे बूट घाला.

पाणवाट: हार्नमच्या कुरणातले समांतर उंचवटे नीट पाहा. पूर्वी उंचवट्याच्या माथ्यावरच्या चरातून पाणी सोडायचं, ते दोन्ही बाजूंनी पातळ थराने गवतावरून वाहत खालच्या चरात उतरायचं. झऱ्यांचं पाणी हिवाळ्यातही फार गार होत नाही, म्हणून जमीन गोठत नसे आणि मेंढ्यांना लवकर चारा मिळे. पाणी वाहतं हवं. साचलं की गवत कुजतं. फार सुंदर युक्ती आहे ही! कुरणात मात्र उतरू नका, वाटेवरूनच पाहा.

नकाशावाला: ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची नकाशा संस्था) एक्सप्लोरर १३० नकाशा घ्या. ओल्ड सेरमच्या बाहेरच्या तटाच्या आतला जुन्या कॅथेड्रलचा पाया चुकवू नका. अंधार साडेपाचच्या सुमारास पडतो, तीनपर्यंत वर पोचा. वाटेतलं फाटक उघडं किंवा बंद, जसं सापडेल तसंच ठेवा.