ढगात ग्लायडर: दोन तासांचं ट्रेनिंग पुरतं का?

ढगफोड्या
युरोपात ढगात ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) न्यायचं रेटिंग, म्हणजे जादा परवानगी, हवी असेल तर लायसन्सनंतर ३० तास पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), थिअरी, बाहेर न बघता फक्त इन्स्ट्रुमेंटवर किमान २ तास ड्युअल (शिक्षकाबरोबर) आणि शेवटी टेस्ट. माझ्या मते पुरेसं आहे. ब्रिटनमधे लोक किती वर्षं ढगात चढतायत, आणि आता होरायझनसुद्धा (विमान किती कललंय ते दाखवणारं इन्स्ट्रुमेंट) छोटासा इलेक्ट्रॉनिक मिळतो. उगाच बाऊ करतात.

बेभरवशी
२ तास?? १९५४ ला इलिनॉय युनिव्हर्सिटीने २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान उडवायला लावलं, सरासरी १७८ सेकंदात कंट्रोल गेला. आणि ग्लायडरवाला तर वर चढणाऱ्या हवेत गोल फिरतच ढगात शिरतो, कान म्हणतो सरळ आहोत, वेग वाढला म्हणून नाक वर करायला हा स्टिक ओढतो आणि स्पायरल (गोल फिरत खाली जाणं) अजून आवळतो.

ढगफोड्या
अहो त्यांना इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंगच नव्हतं! म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की.

बेभरवशी
बरं, मग शिकलेलं टिकतं किती ते सांगा. २४ महिन्यांत १ तास किंवा ५ फ्लाइट केल्या की रेटिंग चालू. बर्फ धरून पिटो (वेग मोजायची नळी) बंद झाला, एअरस्पीड खोटं दाखवायला लागलं, तेव्हा दीड वर्षापूर्वीचा तो एक तास आठवणारे का?

हडपसरकर
मी हडपसरला विंचने (दोराने ओढून वर चढवणारं यंत्र) वर जाऊन ढगाखालीच घिरट्या मारल्यात, त्यामुळे अनुभव शून्य, पण तुम्ही दोघं होरायझन नि तासांवरच अडकलात. ग्लायडर कुठलं ते बघा ना. ढगासाठी मंजूर असेल तर एअरब्रेक (पंखातून बाहेर काढायचे वेग रोखणारे ब्रेक) उघडून ४५ अंशांच्या डाइव्हमधेही वेग मर्यादेत राहायला हवा, नाहीतर ३० अंशांवर भागतं. हल्लीची गुळगुळीत ग्लायडरं नाक खाली गेलं की सुसाट सुटतात, आणि होरायझन बिघडला तर हात ब्रेककडेच जाणार.

ढगफोड्या
हे मान्य. शिवाय बिनाइन स्पायरल (ग्लायडर आपणहून सावकाश गोल फिरत उतरणं) आहेच, ट्रिम (स्टिक एका जागी ठेवणारी सोय) लावा, ब्रेक उघडा, स्टिक सोडा, आपोआप खाली येतं.

बेभरवशी
सगळ्यांचं नाही येत हो. आपलं येतं का ते आधी निरभ्र आकाशात, भरपूर उंचीवर करून बघितलंय का? आणि त्याच ढगात दुसरा कोणी असला तर? फ्लार्मला (टक्कर टाळायला जवळची विमानं दाखवणारं उपकरण) मुख्यतः फ्लार्मवालेच दिसतात. ब्रिटिश क्लबवाले पॅराशूट घातल्याशिवाय ढगात जाऊ देत नाहीत ते काय हौस म्हणून?

ढगफोड्या
पॅराशूट नको असं म्हटलं कुणी? २ तासांचे ५ करा म्हणत असाल तर करा, पण बंदीची भाषा नको.