बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही?

प्रश्न (अथणी)

माझे माहेर खानापूर तालुक्यातले आणि सासर अथणीचे. माहेरी विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो. इथे बोअरच्या पाण्यात डाळ कितीही शिजवली तरी कणी राहते, आणि बंबाच्या आत पांढरा टणक थर धरतो. पाण्याचा रेणू सगळीकडे सारखाच असेल, तर बदलते ते नेमके काय? घरात तान्हे बाळ आहे. उकळलेले पाणी शुद्ध समजून चालावे का?

उत्तर (बेळगाव)

ताई, रेणू एकच आहे. 18 ग्रॅम पाण्यात 2 ग्रॅम हायड्रोजन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजन, हे प्रमाण दोन्ही गावांत तेच राहते. बदलतात ते त्यात विरघळलेले पदार्थ. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, मातीतून झिरपताना तोच वायू त्याला आणखी मिळतो, आणि असे पाणी खडकातली खनिजे हळूहळू विरघळवत जाते. अथणीकडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेला काळा बेसॉल्ट आहे आणि पाऊसही कमी, त्यामुळे खोल भेगांतले पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहून कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले, होते. खानापूरकडे मुसळधार पावसाने जांभ्या खडकातले क्षार केव्हाच धुऊन नेले आहेत.

पाणी तापले की त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि जवळजवळ न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. बंबातला थर मुख्यतः त्याचाच. त्याची खपली काढून तिच्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येताना दिसतील. तो तोच वायू. डाळीचे म्हणाल, तर कॅल्शियम तिच्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना एकमेकींना चिकटवून धरणाऱ्या पदार्थाला, घट्ट बांधून ठेवतो, म्हणून दाणा मऊ होत नाही. पाणी आधी खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि वरचे नितळ पाणी डाळीला वापरावे. मात्र सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे आलेले काठिण्य उकळून जात नाही.

उत्तर (चिकोडी)

बाळाच्या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर हवे, कारण मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. आपल्या उसाच्या पट्ट्यात युरियातला नत्र पिकाने सगळा उचलला नाही, तर नायट्रेट होऊन भूजलात उतरतो. शौचखड्डा बोअरजवळ असेल तर तिथूनही येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. एकूण काठिण्याला लिटरमागे 200 मिलिग्रॅम ही मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला तशी सवलत नाही. सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते, म्हणून पावडरचे दूध कालवताना हे पाणी वापरण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. बाळाला अजून पावडरचे दूध सुरू केलेले नाही. टीडीएस मोजण्याचे यंत्र शेजारी आहे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर (चिकोडी)

नाही, ताई. ते यंत्र विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देते. त्यात नायट्रेट किती, हे त्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना देताना काठिण्य, नायट्रेट आणि फ्लोराइड या तिन्ही तपासण्या नाव घेऊन मागाव्यात.