इम्पोर्टेड बाइक उभ्या उभ्या आडवी झाली: काय बदलू, काय तसंच ठेवू?

लालटाकी

मंडळी, सल्ला हवाय. इटालियन दोन सिलिंडरवाली बाइक आहे, सेकंडहँड घेतलेली. पार्किंगमध्ये साइड स्टँडवर उभी असताना रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीचा धक्का लागला आणि ती उजवीकडे सपशेल आडवी झाली. गाडीवाला पळाला नाही. थांबला, माफी मागितली, विम्याचे कागदही दिले.

ब्रेक लिव्हरचं टोक तुटलंय. आरसा गेला. फेअरिंगवर (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या कवचावर) ओरखडे आहेत, शिवाय आतला स्क्रूचा कान तुटून तिथून बोटभर तडा निघालाय. क्लच कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) घासून आतला धातू दिसतोय. सायलेन्सर खरवडलाय. हँडल वळून टाकीवर आपटलं, तिथे उथळ पोचा आलाय, पण रंग फुटलेला नाही.

सर्व्हिसवाल्यांनी सरसकट यादी दिली: अख्खी फेअरिंग, टाकी, कव्हर, सायलेन्सर, सगळं नवीन. बेरीज बाइकच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जाते. माल कधी येईल ते "सांगता येत नाही". त्यात व्हॉल्व्ह सर्व्हिसही (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट मोजून नीट करण्याचं काम) जवळ आलीय. घरात "विकून टाक"चा जप सुरू आहे. हे प्रकरण नाकापेक्षा मोती जड झालंय का?

दहाचापाना

लालटाकी, ती यादी फाडू नकोस, पण घाबरूही नकोस. आधी कागदाचं काम. क्लेमचा निकाल लागेपर्यंत कशालाही पॉलिश लावायचं नाही. प्रत्येक ओरखड्याचा फोटो एकदा लांबून, एकदा जवळून काढ. तुटलेलं लिव्हरचं टोकही पिशवीत जपून ठेव. सर्व्हिसवाल्यांचं पूर्ण एस्टिमेट सर्व्हेअरपुढे ठेव. तुला सगळं बदलायचं नसलं तरी नुकसान किती झालं ते त्या कागदावरूनच ठरतं. रोख सेटलमेंट मिळते का, हे तोंडी नको, लेखी विचार. आणि विमा कंपनी "टोटल लॉस"कडे झुकू लागली तर सही करण्याआधी दोन दिवस थांब. पडलेल्या इम्पोर्टेड बाइकचं इंजिन आणि फ्रेम ठणठणीत असूनही नुसत्या प्लॅस्टिकच्या किमतीवर तिला भंगार ठरवलेलं मी पाहिलंय.

आता बाइककडे ये. माझ्या लेखी पडलेल्या बाइकचं नुकसान दोनच प्रकारचं असतं: नुसतं दिसणारं आणि पुढे वाढत जाणारं. पैसे दुसऱ्यावर घालायचे. पहिल्याचं बघू सावकाश.

तुझ्या यादीत सगळ्यात वाढणारी गोष्ट म्हणजे ते क्लच कव्हर, आणि तू ते ओझरतं लिहून पुढे गेलास. ते ॲल्युमिनियमचं असेल तर फार घाई नाही. पण बऱ्याच महागड्या बाइकवर वजन वाचवायला मॅग्नेशियमची कव्हरं असतात. मॉडेलच्या माहितीपत्रकात तसं ठळक लिहिलेलं असतं, कारण कंपनीला ते मिरवायचं असतं. मॅग्नेशियमचा रंग उडाला आणि ओल लागली की पांढरी पूड धरते. स्टीलच्या बोल्टभोवती तर जास्तच, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे एक बॅटरीच. ही पूड रंगाच्या आत शिरत जाते आणि आजूबाजूचा चांगला रंगही फुगवून उचलते. तेव्हा हे कव्हर आधी घे: पुसून कोरडं कर, हाताने हलकं पेपर मार, इपॉक्सी प्रायमर दे, वरून रंग. ग्राइंडर अजिबात लावू नकोस, मॅग्नेशियमची बारीक भुकटी पेट घेते. हाताने घासतानाही पडणारी पूड लगेच उचलायची. कव्हरला बारीकसा तडा नाही ना हे मात्र आधी बघ. घासलेला भाग स्वच्छ पुसून थोडी टाल्कम पावडर मार, इंजिन गरम होऊ दे. तेल पाझरत असेल तर पावडर तिथे ओली होते. तसं झालं तर कव्हर नवीनच.

फेअरिंगचा कान घरी होतो. पॅनेल काढून आतल्या बाजूला बघ, साच्यातच प्लॅस्टिकचं नाव उठवलेलं असतं. "एबीएस" (ब्रेकचं नव्हे, त्या नावाचं प्लॅस्टिक) असेल तर काम सोपं. तड्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाड, म्हणजे तडा पुढे पळत नाही. आतून तड्यावर व्ही आकाराची खाच कर. सोल्डरिंग आयर्नने स्टेनलेसची बारीक जाळी आत बुडव. मग एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली घट्ट लापशी वरून भर. पूर्ण सुकायला दिवसभर दे, घाई केलीस तर आत मऊ राहतं. "पीपी" (पॉलिप्रॉपिलीन) लिहिलेलं असेल तर मात्र ॲसिटोन आणि गोंद दोन्ही विसर. त्याला पीपीचीच कांडी वापरून वेल्डिंग करावं लागतं.

टाकीला चुंबक लाव. चिकटलं तर स्टीलची आहे, आणि रंग न फुटलेला उथळ पोचा डेंटवाला रंगाला हात न लावता काढू शकतो. पोचा कडेवर किंवा घडीवर असेल तर पूर्ण निघत नाही, हे त्याच्याकडून आधीच वदवून घे. चुंबक चिकटलं नाही तर टाकी ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची, आणि मग गणित बदलतं. सायलेन्सर स्टेनलेसचा आणि ब्रश फिनिशचा असेल तर हिरवी घासणी मूळ रेघांच्या दिशेनेच ओढ. गोल फिरवलीस की बिघडलं.

लिव्हर मात्र नवीनच घे. टोक तुटूनही चालवता येते, पण ब्रेकच्या बाबतीत "चालतंय" हा शब्द मला चालत नाही.

मॅटकाळा

ओरखड्यांबद्दल थोडं. ओरखडा ओला कर. पाण्याने दिसेनासा झाला तर तो वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे, 2000 आणि मग 3000 नंबरच्या ओल्या पेपरने आणि कंपाउंडने जाईल. नख अडकत असेल तर खोल आहे, रंगच द्यावा लागेल. क्लिअर कोट मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो, त्यामुळे कडांवर मशीन टेकवू नकोस, तिथे तो सगळ्यात पातळ. आणि मॅट रंगावर यातलं काहीच करायचं नाही. घासलेल्या जागी चकाकणारा डाग पडतो, तो जन्मभर तसाच. माझ्या नावावरून समजून घे.

फक्तचेन

मी उलटं बोलतो. ओरखडे ठीक आहेत, पण ही बाइक पोसायची ऐपत आहे का, हा खरा प्रश्न. व्हॉल्व्ह सर्व्हिस पडण्यामुळे आलेली नाही, ती येणारच होती. मी माझी विकली आणि आता सुखाने झोपतो.

दहाचापाना

फक्तचेन, झोप महत्त्वाचीच. पण विकायचा निर्णय बाइक पडलेली असताना घेऊ नये, भाव पडूनच मिळतो.

व्हॉल्व्हबद्दल: "इम्पोर्टेड म्हणजे सतत व्हॉल्व्ह" हे सरसकट खरं नाही. डुकाटीच्याच पॅनिगाले व्ही4 ला ही तपासणी 24,000 किलोमीटरला आहे, तर मल्टिस्ट्राडा व्ही4 च्या ग्रॅनटुरिस्मो इंजिनाला 60,000 ला. तिथे त्यांनी डेस्मो (व्हॉल्व्ह स्प्रिंगऐवजी दांड्याने बंद करणारी डुकाटीची रचना) सोडून साधी स्प्रिंग वापरली. तेव्हा स्वतःच्या मॉडेलचं मॅन्युअल उघड, ऐकीव आकड्यावर जाऊ नकोस. टायमिंग बेल्टवाली असेल तर बेल्ट मात्र नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बदलायचा. उभ्या बाइकचाही रबर म्हातारा होतो.

या सर्व्हिसच्या बिलात खरी मजुरी मोजण्याची नसते, तिथवर पोचण्याची असते. टाकी, एअरबॉक्स, रेडिएटर, कधी फेअरिंगही उतरवावी लागते. म्हणून एकदा उघडली की प्लग, एअर फिल्टर, कूलंट सगळं त्याच खेपेला उरकायचं. तुझी फेअरिंग तशीही उतरणार आहे. व्हॉल्व्हचं काम तेव्हाच कर, उघड-झाकीचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागणार नाहीत.

सुट्या भागांचंही तसंच. डब्यावर बाइक कंपनीचं नाव आलं की किंमत चढते, पण आतला माल बऱ्याचदा तिसऱ्याचाच. चाकाच्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ 6204 म्हणजे आतून 20, बाहेरून 47, रुंदी 14 मिलिमीटर, जगभर तेच माप. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं एसकेएफ किंवा एनटीएनचं घे आणि बसव. ऑइल सीलवरही मापं छापलेली असतात. ब्रेक पॅड बाइकच्या नावाने नको, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) मॉडेलने शोध. ब्रेम्बोचा एकच कॅलिपर चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाइकवर भेटतो. सेन्सर, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), गॅस्केट यांत मात्र काटकसर नको. आणि फिल्टर, लिव्हर, ब्रेक पॅड यांचा एक जादा संच घरात ठेव, कारण माल यायची वाट बघण्यात सीझन जातो.

लालटाकी

दहाचापाना, चुंबक चिकटलं! कव्हरवर पावडर मारून बघितली, कोरडीच आहे. माहितीपत्रकात "मॅग्नेशियम" लिहिलंय, म्हणजे या रविवारी प्रायमर. फेअरिंगवर "एबीएस" आहे. एक शंका: बाइक पडल्यापासून पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा चालूच होईना, मग इग्निशन बंद करून परत लावल्यावर झाली. काही तुटलंय का?

दहाचापाना

बहुधा नाही. आडवी झाल्यावर इंजिन बंद पाडणारा सेन्सर असतो, तो किल्ली बंद-चालू केली की रिसेट होतो. पण चालवण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, ब्रेकची नळी ओढली जात नाही ना आणि स्टीअरिंगचे स्टॉपर वाकले नाहीत ना. पुढचं चाक सरळ धरून हँडल तिरकं वाटलं तर फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमध्ये फिरलेत. बोल्ट सैल करून सरळ करायचे आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळायचे.