हिरड्या दातांवर चढल्यात, रक्त थांबंना.. दाढ काढावी का?

द्राक्षवाला_तासगाव:
मेव्हण्याच्या हिरड्या महिन्याभरापासून सुजल्यात, इतक्या की पुढचे दात निम्मे झाकलेत. ब्रश केला की रक्त, आता तर सकाळी उशीवर पण डाग. वय 34, तंबाखू नाही मिश्री नाही. दातांच्या डॉक्टरकडं क्लिनिंग केलं तर रात्रभर रक्त थांबंना. एक दाढ हलतीय ती काढा म्हणतात. बारीक ताप पण असतोय, जिना चढला की धापा, घरचे म्हणतात छाटणी फवारणीची दगदग, दुसरं काय. काढावी का?

कृष्णाकाठ:
आमच्या आईच्या हिरड्या पण अशाच आलेल्या, बीपीची अम्लोडिपिन चालू होती, डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर उतरल्या. मेव्हण्याला कसली गोळी आहे का?

द्राक्षवाला_तासगाव:
कसलीच नाही हो.

दातकाम_मिरज:
दाढेला हात लावू देऊ नका!! आजच सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा आणि सोबत पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात ते) सांगा, नुसत्या मशीनच्या आकड्यावर थांबू नका. मी दातांचीच डॉक्टर आहे. घाण साचून हिरडी सुजली तर क्लिनिंगनंतर आठ-दहा दिवसांत बसायला लागते, तुमच्याकडं उलटं झालंय. अक्यूट ल्युकेमियात (झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर), त्यातल्या मोनोसायटिक प्रकारात जास्त, कच्च्या पांढऱ्या पेशी हिरडीतच येऊन भरतात म्हणून ती फुगते, आणि प्लेटलेट घटल्यानं रक्त येतं. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत पण प्लेटलेट पडतात पण हिरडी अशी फुगत नाही. ल्युकेमियाच आहे असं नाही म्हणत मी, तपासल्याशिवाय कळणार नाही. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन बंद, ब्रश मऊ घ्या.

कोरेगावची_ताई:
माझ्या भावाचं सेम. तोंडात छाले, टाळूवर लाल ठिपके, पायावर पण, आम्ही म्हटलं ढेकूण चावले असतील आणि गादी उन्हात टाकत बसलो 😔 दोन महिने बी कॉम्प्लेक्स आणि तोंडाला लावायचं जेल. शेवटी स्मिअरमधे ब्लास्ट म्हणजे त्या कच्च्या पेशी दिसल्या, मग बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी. किमो चालू झाल्यावर हिरड्या आपोआप उतरल्या, दातांचं काहीच करावं लागलं नाही. दादा पाव्हण्यांच्या अंगावर ठिपके, काळेनिळे डाग आहेत का बघा.

द्राक्षवाला_तासगाव:
ताई आहेत, दंडावर. आम्हाला वाटलं कॅरेट उचलून पडलेत. रिपोर्ट आत्ताच आला, प्लेटलेट 31 हजार, पांढऱ्या पेशी 68 हजार. लॅबवाल्यानं स्वतः फोन करून सांगितलं रात्र काढू नका. गाडी काढलीय, मिरजेला निघालोय.

दातकाम_मिरज:
रिपोर्टची प्रिंट सोबत घ्या. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचा डॉक्टर) कुठं आहे ते आधी फोनवर विचारा. जाताना काही खायला देणार असाल तर मऊ आणि गार द्या.