रिअर अ‍ॅडमिरल प्रेबल आणि जुन्या निशाणाचे पहिले छायाचित्र

प्रश्न (तांडेल): १८१४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला अमेरिकी ध्वज आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. त्याविषयी वाचताना जॉर्ज हेन्री प्रेबल या नौदल अधिकाऱ्याचे नाव पुन्हापुन्हा येते. त्या ध्वजासाठी त्यांनी नेमके काय केले आणि निशाणांचा एवढा ध्यास घेणारा हा माणूस कोण होता, हे कोणी सविस्तर सांगेल का?

उत्तर (गलबत): प्रेबल यांचा जन्म १८१६ मध्ये मेन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. कमोडोर एडवर्ड प्रेबल हे त्यांचे काका. १८३५ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि पुढे कमोडोर पेरी यांच्या जपान मोहिमेतही होते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग मात्र अमेरिकेच्या यादवी युद्धात आला, आणि त्यातही निशाणाचाच संबंध होता. सप्टेंबर १८६२ मध्ये ते अलाबामा राज्यातील मोबाईल या बंदराची नाकेबंदी सांभाळत असताना फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांची ‘फ्लोरिडा’ ही युद्धनौका ब्रिटिश निशाण लावून आली. ती ब्रिटिश आरमाराची असावी असे वाटल्याने प्रेबल यांनी आधी केवळ इशाऱ्याचे गोळे डागले, आणि खरा प्रकार लक्षात येऊन प्रत्यक्ष मारा सुरू झाला तरी ती बंदरात निसटली. त्यांना बडतर्फ करण्यात आले. १८६३ मध्ये पुन्हा रुजू करून घेतले. तटस्थ देशाच्या निशाणावर सरळ गोळा डागून ब्रिटनशी तंटा ओढवून घ्यायचा की संशयित जहाज जाऊ द्यायचे, हा पेच लक्षात घेतला तर ती शिक्षा मला अन्यायाची वाटते.

उत्तर (दर्यावर्दी): ध्वजापुरते सांगतो. तो किल्ल्याचे सेनानी मेजर आर्मिस्टेड यांच्या कन्या जॉर्जियाना अ‍ॅपलटन यांच्याकडे होता. १८७३ मध्ये प्रेबल यांनी तो मागून घेतला, जीर्ण कापडाला आधार म्हणून मागे कॅनव्हासचे अस्तर शिवून घेतले आणि बॉस्टनच्या नौदल गोदीत त्याचे छायाचित्र काढवले. त्या ध्वजाचे ते पहिलेच ज्ञात छायाचित्र. मूळची ४२ फूट लांबी, आठवण म्हणून तुकडे कापून दिले गेल्याने, आज सुमारे ३४ फुटांवर आली आहे. अशा वस्तूची तत्कालीन अवस्था चित्रबद्ध करण्याचे मोल फार मोठे आहे.

उत्तर (गलबत): त्यांचा अमेरिकी ध्वजाचा इतिहास १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८० च्या वाढवलेल्या आवृत्तीत नौदलाचे व नौकाविहार मंडळांचे संकेतध्वज, राजमुद्रा, राष्ट्रगीते आणि प्राचीन काळापासूनच्या इतर राष्ट्रांची निशाणेही आहेत. प्रेबल १८७८ मध्ये निवृत्त झाले, म्हणजे पहिली आवृत्ती त्यांनी सेवेत असतानाच सिद्ध केली. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले. कॅनव्हासचे ते अस्तर १९१४ मध्ये अमेलिया फाउलर यांनी काढून त्याजागी लिननचे लावले.